अर्धी मात्रा उशीर

दर गुरुवारी आम्ही तिघं रोसविताच्या स्वयंपाकघरात.
ग्राझ, तिसरा मजला, खिडकीखाली मूर नदी,
शिलाईयंत्राच्या टेबलावर रेकॉर्डप्लेयर,
कारण घरात दुसरं काहीच इतकं स्थिर उभं राहत नाही.
पिख्लमायर स्टॉपवॉच आणतो. जन्मभर औषधं विकली त्यानं,
मात्रा चुकलेली त्याला खपत नाही.
मी वाईन आणतो. ट्रामचे ब्रेक जुळवण्यात तीस वर्षं गेली माझी;
चाक कुठे ओरडतं, एवढंच कळतं.

हिवाळाभर एकच सिंफनी.
पाऊण तासानंतर पाठ धरते, तासानंतर जीभ,
आणि शेवटचा भाग तर अजून सुरूही झालेला नसतो.

पहिली रेकॉर्ड उत्तरेकडची, काळ्या वेष्टनातली.
मार्च सुरू होतो तेव्हा पलटण दिसत नाही,
एकटाच माणूस चाललेला दिसतो,
बूट नवे, चावणारे.
पिख्लमायर म्हणतो, हीच.

दुसरी इतकी संथ
की तो मध्येच घड्याळ कानाला लावून बघतो.
व्हायोलिनं पातळ केलेल्या मधासारखी.
मला ही आवडते. मी बोलत नाही.

मधल्या दोन भागांवरून दरवेळी जुंपते.
आधी तो रांगडा नाच, का आधी विसावा?
रचणाऱ्यालाच ठरवता आलं नव्हतं, म्हणतात,
पण आम्हाला येतं.
रोसविता म्हणते, जेवणाआधी भांडा नाहीतर नंतर,
भांडी मीच घासते.

मग तिसरी. रेकॉर्ड नाही, रीळ.
इथल्याच रेडिओच्या सभागृहातली, सदुसष्टचा सप्टेंबर,
पहिल्या रांगेत कुणीतरी सर्दीनं हैराण,
ट्रम्पेट एकदा घसरतो आणि सावरत नाही.
शेवटच्या भागात घणाचे घाव.
काळ्या रेकॉर्डमध्ये ते शेजारच्या घरातलं दार वाटतात,
संथ रेकॉर्डमध्ये तोफ.
इथे लाकडावर लाकूड. पोकळ, कोरडं.
घण ओट्टोकारच्या हातात. रोसविताचा नवरा,
जाऊन अकरा वर्षं झाली.
"अर्धी मात्रा उशीर," पिख्लमायर वहीत लिहितो, दरवेळी तेच,
आणि दरवेळी तिच्याकडे बघणं टाळतो.

तिला घणाचं काही नसतं.
ती उठते त्याच्या कितीतरी आधी,
डोंगरावरच्या गाईंच्या घंटा वाजतात तेव्हा.
बाकीच्या दोन्हींत त्या स्वच्छ, लांबच्या,
आगगाडीच्या काचेतून ऐकल्यासारख्या.
इथे त्यांच्यात एक घोगरी. लोलक चिरलेला.

या गुरुवारी ती नळ बंद करून म्हणाली,
"ती शेकीची घाटी.
वाद्यवृंदाच्या घंटा फार गोड आहेत म्हणाला,
आणि माझ्या बापाच्या गोठ्यातून न विचारता उचलली.
चार दिवसांनी परत आणतो म्हणाला.
त्याच आठवड्यात डोंगरावर धुकं बसलं.
बाकीच्या गाई आवाजावरून सापडल्या."

रीळ चालूच होतं. विसावा, हार्प, कुणाची तरी शिंक.

"आणि शेकी?" पिख्लमायरनं विचारलं.

तिनं टॉवेलला हात पुसले, बोटं एकेक करून,
बटण दाबलं, रीळ उलटं फिरवलं,
गाई मागे मागे चालत डोंगर चढल्या.
पुन्हा लावलं.
घोगरी घाटी एकदा डावीकडे वाजली,
मग बराच वेळ नाही,
मग एकदा.

"बापानं लग्नात भाषण केलं नाही," ती म्हणाली,
आणि बटाटे उतरवायला वळली.

स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं टेबलावर.
पिख्लमायरच्या वहीत घंटांचा रकाना नाही.
त्यानं पट्टी मागितली, उभी रेघ ओढली,
वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून टोपण लावलं.

घण आम्ही त्या दिवशी ऐकलाच नाही.

पुढच्या गुरुवारी मी संथवाली मागणार आहे.
उघडपणे.